नवशिक्यांसाठी चार थर

आमच्या कंपनीत कीबोर्ड बनतात, पण मधोमध कापलेले. एक तुकडा डाव्या हाताखाली, एक उजव्या, आणि दोन्हींना जोडणारी एक वायर. खांदे आखडत नाहीत, मनगटं वाकत नाहीत असं आम्ही सांगतो, आणि ते खरं आहे. शिवाय कुठल्या बटणानं काय उमटावं हे ज्याचं त्याला ठरवता येतं. हेही खरं आहे. ते ठरवायचं कसं, हे मात्र निम्म्या गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही, आणि त्यांना ते कळावं असं आचार्यांना मनापासून कधी वाटलं नाही.

आचार्य म्हणजे आमचे रचनाकार. कुठल्या बटणावर काय ठेवायचं ते ठरवणारे. हे नाव त्यांना चेष्टेनं पडलं होतं. त्यांनी ते मानाचं समजून ठेवून घेतलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी साधा कीबोर्ड सोडला आणि तेव्हापासून, ज्यांनी तो सोडला नाही अशा उरलेल्या माणसांकडे ते आजाऱ्याकडे बघावं तसं बघत. त्यांच्या स्वतःच्या कीबोर्डवर चौतीस बटणं होती आणि एकावरही अक्षर छापलेलं नव्हतं. त्यावर ते वाऱ्यासारखं टाइप करत. काय टाइप करत हे कुणी विचारू नये. बहुतेक वेळा, दुसरे लोक कसं चुकीचं टाइप करतात, याबद्दलच असे.

एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. खालून दिवसभर ड्रिलची शीळ यायची. पुढच्या खोलीत जुळणीचं लांब टेबल, मागच्या खोलीत आम्ही तिघं: मालकीणबाई, आचार्य आणि मी. डब्यात घालायची पुस्तिका लिहिणं हे माझं काम. दाराशेजारच्या कपाटावर परत आलेले डबे रचलेले असत, त्यांत गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या. ‘कीबोर्ड अर्धवट आला आहे, आकडे नाहीत.’ ‘बटणांवर छपाई करायची राहिली आहे.’ एकानं नुसतंच ‘हे काय आहे?’ एवढं लिहिलं होतं. ती चिठ्ठी वाचून आचार्य दोन दिवस हसत होते. मीही हसले होते, हे सांगून टाकते.

मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या पूर्वी फिजिओथेरपिस्ट होत्या. दुखऱ्या मनगटांची माणसं बघून बघून त्यांनी ही कंपनी काढली होती. डब्यांचा ढीग छताला लागायला आला तेव्हा एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

“नवख्या माणसासाठी एक सोपी मांडणी हवी,” त्या म्हणाल्या. “डबा उघडल्यापासून पाच मिनिटांत त्याला आपलं नाव लिहिता आलं पाहिजे. पुस्तिका न वाचता.” इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आणि चुकलं तर पुसता आलं पाहिजे. तीन आठवडे घ्या.”

“नवखा माणूस म्हणजे नक्की किती नवखा, मॅडम?” आचार्यांनी विचारलं. “काही खालची मर्यादा?”

“मर्यादा नाही,” त्या म्हणाल्या.

आचार्यांनी सुस्कारा सोडला आणि कामाला लागले. तीन आठवड्यांत भिंत कागदांनी भरून गेली. कुठलं अक्षर हजारात किती वेळा येतं, कुठलं बोट दिवसात किती अंतर चालतं, करंगळीवर किती बोजा पडतो. सगळ्या बोटांची हालहवाल तिथे होती. बोटांच्या मागे असलेल्या माणसाची तेवढी नव्हती. त्या तीन आठवड्यांत त्यांनी एकाही नवख्या माणसाला टाइप करताना बघितलं नाही. गरज काय? नवखा माणूस काय करतो ते त्यांना माहीत होतं: चुका.

मांडणीचं नाव ‘प्रारंभ’. तिच्यात चार थर होते.

थर म्हणजे काय ते सांगते. एक ठराविक बटण दाबून धरलं की बाकीच्या बटणांचे अर्थ बदलतात. अक्षरांच्या जागी आकडे येतात. दुसरं दाबून धरलं की चिन्हं. बटणं थोडी लागतात, हात फिरवावा लागत नाही. कल्पना चांगलीच आहे. पण चार थर झाले की आपण कुठल्या मजल्यावर उभे आहोत हेच माणसाला कळेनासं होतं.

“माझे स्वतःचे सात आहेत,” आचार्य म्हणाले. “मी बराच खाली उतरलोय.”

“पुसायचं बटण कुठे आहे?” मालकीणबाईंनी विचारलं.

“तिसऱ्या थरात.”

“तिसऱ्या?”

“मुद्दाम. ते हाताशी असलं की नवशिक्याला पुसत बसायची सवय लागते. मुळात चुकूच नये.”

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. “तुझ्या ओळखीचं कुणी आहे? दिवसभर टाइप करणारं, पण असला कीबोर्ड कधी न पाहिलेलं?”

होतं. माझ्या घरातच होतं. माझी नणंद.

नणंद माझ्या नवऱ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. खरं सांगायचं तर आम्हीच तिच्याकडे राहतो, घर तिच्या नावावर आहे. चोवीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात आहे. पेशंट घरी जाताना त्याच्या हातात जे कागद देतात, काय झालं होतं, कुठलं औषध किती दिवस घ्यायचं, ते ती टाइप करते. मी पुस्तिका लिहिते हे कळल्यावर ती म्हणाली होती, “म्हणजे डब्यातला तो कागद? तो तर आम्ही आधी टाकून देतो.” हे तिनं पाहुण्यांसमोर म्हटलं होतं. तेव्हा मी तिला चाचणीला नेलं त्यामागे कंपनीचं भलं करायचा विचार नव्हता. एकदा तरी तिला काहीतरी न येताना बघायचं होतं, बस्स.

ती आली, खुर्चीची उंची नीट करून घेतली, पाय जमिनीला टेकतात का ते बघितलं आणि दोन तुकड्यांवर हात ठेवले. कोरी बटणं बघून म्हणाली, “अक्षरं कुठायत?”

“नजर पडद्यावर ठेवायची,” आचार्य तिच्या मागे उभे राहून म्हणाले.

“पडद्यावर काही उमटलं तर ठेवते.”

तिनं आपलं नाव लिहायला घेतलं. पहिली दोन अक्षरं बरोबर उमटली. तिसऱ्याला पडद्यावरची सगळी खिडकीच बंद झाली.

यालाही कारण होतं. मधल्या ओळीतली बटणं आचार्यांनी दुहेरी केली होती. टिचकी मारली तर अक्षर, जरा रेंगाळलं तर तेच बटण कंट्रोल होई, आणि त्याच्या पाठोपाठचं अक्षर म्हणजे हुकूम: बंद कर, काढून टाक. नणंद शिकली ती खटाखट वाजणाऱ्या टाइपरायटरवर. तिचं बोट बटणावर पडतं ते ठाम पडतं आणि सावकाश उठतं. पुन्हा खिडकी उघडली, पुन्हा बंद झाली. चौथ्यांदा तिचं अर्धं नाव, एक कंस आणि सात असं काहीतरी उमटलं, आणि ते पुसायचं कसं हे कुणालाच सांगता येईना, कारण आचार्य सांगायला तयार नव्हते.

“तुमची बोटं जड आहेत,” ते म्हणाले.

“असतील,” नणंद म्हणाली. “चोवीस वर्षं याच बोटांनी लिहिलेली औषधं घेऊन माणसं चालत घरी गेलीत.”

“बरं, पुसायचंय ना? अंगठ्यानं तिसरा थर धरा. अंगठा आत वळवा. अजून आत.”

तिनं उजवा अंगठा आत वळवला आणि तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तिनं हात झटकन मांडीवर ओढला. मालकीणबाई पुढे आल्या, तिचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं.

“किती दिवस झाले?”

“दोन वर्षं,” नणंद म्हणाली. “पिळायचं, सोलायचं, झाकण फिरवायचं, काही होत नाही. घरात सांगून काय उपयोग?”

मी खिडकीकडे बघत उभी राहिले. दोन वर्षं मी नवऱ्याला सांगत होते की, ताईंना कामाचा कंटाळा आलाय, त्या हल्ली काही उचलून ठेवत नाहीत. तो हो म्हणायचा. तिनं ते कधी ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरात भिंती पातळ आहेत.

त्या दुपारी आचार्यांनी अहवाल दिला. त्यात एकच वाक्य होतं: ‘चाचणीसाठी निवडलेली व्यक्ती अयोग्य.’ नवख्या माणसासाठी केलेल्या मांडणीला नवखा माणूस अयोग्य. मालकीणबाईंनी तो कागद घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. अहवालाचा तेवढा तरी उपयोग झाला.

घरी आल्यावर नणंद म्हणाली, “ते खोकं घेऊन ये.”

“कशाला, ताई? तुमचा हात दुखतो.”

“मला ते येणार नाही असं त्या गृहस्थाला वाटतं. घेऊन ये म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवसापासून ती ड्युटीवर जायच्या आधीचा पाऊण तास आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसू लागलो. बटणांचे अर्थ बदलायचा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर होता. ती सांगायची, मी बदलायचे. नवरा आधी दोन दिवस आश्चर्यानं बघत होता, मग त्यानं आपला चहा बाल्कनीत न्यायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी तिनं इस्पितळातून जखमेवर लावायची कागदी पट्टी आणली, तिचे चौकोन कापून बटणांवर चिकटवले आणि पेनानं अक्षरं लिहिली. आचार्यांचे कोरे दागिने अगदी घरगुती दिसायला लागले. मग म्हणाली, “आता सगळी अक्षरं जिथं असतात तिथं ठेव.”

“अहो ताई, ती जुनी मांडणी बोटांना फार पळवते. शास्त्रीयदृष्ट्या—”

“मला एका वेळी एकच गोष्ट नवीन पाहिजे. कीबोर्ड तुटलाय, ही एक झाली. बाकी सगळं जुनं ठेव.”

दुसऱ्या दिवशी मधल्या ओळीतली दुहेरी बटणं गेली. अक्षर म्हणजे अक्षर, कितीही वेळ दाबा. तिसऱ्या दिवशी पुसायचं बटण वर उजव्या कोपऱ्यात आलं, जिथे तिची करंगळी आपोआप जात होती. मग अंगठे. प्रत्येक अंगठ्याखाली तीन बटणं होती. आचार्यांनी त्या सहा बटणांवर अर्धा संसार थाटला होता.

“सगळ्यांत जवळच्या बटणावर दोन शब्दांमधली मोकळी जागा ठेव,” ती म्हणाली. “दोन्हीकडे. जो अंगठा दुखत नसेल तो वापरीन.”

“आणि उरलेली चार?”

“बंद कर.”

“बंद? ताई, ही सगळ्यांत मोक्याची बटणं आहेत! ती अशी वाया घालवणं म्हणजे...” मी थांबले. माझ्या तोंडून आचार्य बोलत होते, हात हलवण्याच्या लकबीसकट.

“जाऊ दे वाया. घरातला एक कोनाडा रिकामा राहिला म्हणून छप्पर खाली येतं का?”

चार बटणं मेली. दाबली तरी काही होईना. त्या दिवशी तिनं एक अख्खं पान टाइप केलं, आणि एकदाही थांबली नाही.

आकड्यांवरून मात्र आमचं खरं भांडण झालं. आमच्या कीबोर्डला आकड्यांची ओळच नाही, म्हणून एक थर लागणारच होता. डाव्या करंगळीनं कडेचं बटण धरायचं आणि उजव्या हाताखाली कॅल्क्युलेटरसारखे आकडे, इथपर्यंत ती आली. मग म्हणाली, “मी आकड्यांत आहे की अक्षरांत हे मला दिसलं पाहिजे.”

“बटण धरलंय म्हणजे आकड्यांत. कळतंच की.”

“तुला कळतं?” ती एकदम कडक झाली. “पाच लिहायच्या ठिकाणी पन्नास गेले तर काय होतं माहितीय? एखादी बाई तो कागद घेऊन घरी जाते आणि आपल्या नवऱ्याला पन्नास पाजते. मला दिसलं पाहिजे.”

कीबोर्डवर एक बारीकसा दिवा होता. आचार्यांनी तो बंद करून ठेवला होता. दिवे म्हणजे नटवेपणा, असं त्यांचं मत. मी तो सुरू केला. आकडे असले की लाल, नसले की विझलेला. तिनं वीस वेळा बघून खात्री केली. मग मान हलवली.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा ऑफिसात गेलो. नणंदेनं त्या पांढऱ्या चौकोनांच्या कीबोर्डवर सहज, ठाम, आपल्या नेहमीच्या वेगानं एक पान लिहून दाखवलं. आचार्यांनी प्रोग्रॅम उघडून मांडणी वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा, ताटात केस सापडावा तसा झाला.

“ही मांडणी नाही. साधाच कीबोर्ड मधून कापलाय!”

“मग तोच कापून द्यायचा होता,” नणंद म्हणाली. “इतके दिवस काय करत होता तुम्ही?”

“चार बटणं मृत आहेत. मृत! लोक हसतील आपल्याला.”

“लोक डबे परत पाठवतायत,” मालकीणबाई म्हणाल्या. त्या खाली गेल्या आणि दंतवैद्याच्या रिसेप्शनिस्टला घेऊन आल्या. तिनं असला कीबोर्ड जन्मात बघितला नव्हता. दोन मिनिटांत तिनं नाव लिहिलं, एक अक्षर चुकलं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं आणि “झालं? खाली फोन वाजतोय,” म्हणून निघून गेली.

“आता तुम्ही,” मालकीणबाई आचार्यांना म्हणाल्या.

“मी?”

“पाच मिनिटं आहेत.”

आचार्य बसले. नऊ वर्षांत त्यांच्या बोटांनी ही जुनी मांडणी पाहिली नव्हती. अंगठे सवयीनं आत वळले आणि मेलेल्या बटणांवर आपटत राहिले. उमटलं ते नाव कुणाचंच नव्हतं. पुसायला गेले तर बोट तिसरा थर शोधत राहिलं. मी त्यांच्या मागे उभी होते, आणि ‘तुमची बोटं जड आहेत’ हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. नणंदेनं माझ्याकडे बघितलं. मी ते गिळलं. अजून चव आहे त्याची.

साडेचार मिनिटं झाली तेव्हा आचार्य उठले. “चाचणी पक्षपाती आहे,” ते म्हणाले, आणि आपल्या जागी जाऊन वाऱ्यासारखं काहीतरी टाइप करायला लागले.

नणंदेची मांडणी त्याच महिन्यात डब्यात गेली. आता बटणांवर अक्षरं छापलेली येतात. डबे परत यायचे पुष्कळ कमी झाले, थांबले नाहीत. शिवाय आता नव्या तऱ्हेची पत्रं येतात: कंपनीचा दर्जा घसरला, तुम्ही अडाण्यांच्या नादी लागलात. ती आचार्यांच्या चाहत्यांची असतात आणि आचार्य ती जपून ठेवतात. ते कंपनीतच आहेत. ‘प्रारंभ’चं नाव बदलून त्यांनी ‘प्रगत’ ठेवलं आणि तिला पाचवा थर जोडला. आजवर तिची चौकशी तिघांनी केली आहे.

पुस्तिका मी पुन्हा लिहिली. जुनी एकदा नीट वाचली तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं. पहिल्याच पानावर तीनदा ‘सहज’ होतं, दोनदा ‘अर्थातच’ आणि एकदा ‘कुणालाही समजेल असं’. ज्याला समजत नाही त्यानं ते वाचून काय करायचं? डबा परत पाठवायचा. मी ते सगळे शब्द काढले. पुस्तिका चार पानांची राहिली. नणंद ती चष्मा लावून वाचून म्हणाली, “हा कागद कदाचित नसता टाकला मी.” याहून मोठं कौतुक तिच्याकडून व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे.

तिचा अंगठा बरा झाला नाही. मालकीणबाईंनी पट्टा बांधून दिला, पिळणं-सोलणं आता नवरा करतो, वाईट करतो, पण करतो. नणंद आपला कीबोर्ड कामावर नेऊ लागली, तो बघून इस्पितळानं नोंदणी विभागासाठी तसाच आणखी एक घेतला, नणंदेच्या शेजारच्या टाइपिस्टसाठी. तो बसवून द्यायला मी गेले होते. फायलींनी भरलेली लांबट खोली, चार टेबलं, खिडकीला जाळी. ती टाइपिस्ट डावखुरी निघाली. आकडे उजव्या हाताखाली तिला जमेनात. ती पुन्हा पुन्हा अडखळत होती.

“इतकं सोपं आहे,” नणंद तिच्या मागे उभी राहून म्हणाली. “एवढंसुद्धा येत नाही म्हणजे कमाल आहे.”

“आकडे डावीकडे घेता येतील का?” त्या बाईनं मला विचारलं.

“नाही येणार,” उत्तर नणंदेनंच दिलं. “ते तसंच आहे. फार विचार करून ठेवलंय ते. सवय होईल.”

त्या बाईनं हात मांडीवर घेतले. परत येताना बसमध्ये नणंद सबंध रस्ताभर हातातल्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. उतरताना म्हणाली, “आकडे डावीकडे जातात का गं?”

“दोन मिनिटांचं काम आहे, ताई. उद्या करून देते.”

“तू नको करून देऊस. मला शिकव. तिला मी देते करून.” मग पायरीवर थांबून म्हणाली, “आणि हळू शिकव. तोंड वेडंवाकडं करायचं नाही.”

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि तिच्यासमोर ठेवला. प्रोग्रॅम कुठे आहे हे शोधायलाच तिला पाच मिनिटं लागली. मी माझे हात पाठीमागे धरून उभी होते.